कार्डबाईंनी हरवलेलं कार्ड

आमच्या विमान कंपनीत कार्डबाईंना वचकून नसलेला माणूस मी पाहिला नाही. बाई पाच फुटांच्या आतल्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. आवाज कधी चढवला नाही, पण त्यांनी नुसतं वर बघितलं तरी भल्याभल्यांची बोबडी वळायची.

विमानाच्या प्रत्येक मोठ्या भागाचं एक कार्ड असतं. तो भाग कुठे तयार झाला, कुठल्या विमानात बसला, चाकांचा असेल तर किती वेळा जमिनीवर टेकला, सगळं त्यावर लिहिलेलं. ठरलेल्या वेळा टेकला की तो फेकायचा, मग दिसायला कितीही चकाचक असो. कार्ड नसेल तर त्याचं वय कळत नाही, आणि वय न कळलेला भाग म्हणजे भंगार. अशी एकोणीस हजार कार्डं बाईंनी एकतीस वर्षं लोखंडी कपाटांत सांभाळली. त्यातलं एकही कधी हरवलं नाही.

मी चाकांच्या खात्यातला फिटर, म्हणून त्या मला चाकोबा म्हणायच्या. कार्ड द्यायला उशीर झाला की फोन यायचा, "काय चाकोबा, विमान पोचलं पण, कागद अजून खिशातच का?" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. काळे हात आमचे आणि रुबाब यांचा, असं मी चहाच्या वेळी चारचौघांत बोलूनही दाखवायचो.

कंपनी सरकारची होती आणि सरकारला ती डोईजड झाली होती. नऊ विमानांतली पाचच उडायची. बाकीची चार कुंपणाजवळ उभी होती, त्यांचेच भाग काढून काढून आम्ही पाचांचा संसार रेटत होतो. गिऱ्हाईक शोधणं चालू होतं. पहिलं आलं आणि चहा पिऊन गेलं. दुसऱ्याला विमानं नकोच होती, त्याची नजर आमच्या जागेवर. तिसरा "घरी विचारून कळवतो" म्हणणाऱ्या स्थळासारखा जो गेला तो गेलाच. दर वेळी आम्ही हँगर, म्हणजे विमानं दुरुस्त करायची शेड, धुऊन काढायचो, इस्त्रीचे गणवेश घालून रांगेत उभे राहायचो आणि नंतर एकमेकांची तोंडं बघायचो.

चौथा मात्र खरा निघाला. पाचही विमानांचे कागद चोख असतील तर कंपनी घेतो म्हणाला, आणि तीही माणसांसकट. 'माणसांसकट' हा एक शब्द त्या संध्याकाळी आमच्या बावीसशे घरांत पोचला. माझ्या बायकोने तो मला तीनदा म्हणायला लावला.

त्याचे दोन तपासनीस बाईंच्या खोलीत तीन आठवडे तळ ठोकून बसले. भागावर कोरलेला नंबर आणि कार्डावरचा नंबर, एकेक जुळवत गेले. चौथ्या विमानाच्या डाव्या चाकाशी गाडं अडलं. चाक ज्याला बसवलेलं असतं त्या दांड्यावर एक नंबर होता आणि कार्डावर दुसराच.

तो दांडा मी बसवला होता. अकरा वर्षांपूर्वी, सुट्ट्यांच्या गर्दीत. प्रवासी खोळंबले होते, जुन्या दांड्याला तडा गेलेला. तेव्हा कुंपणाजवळ उभ्या असलेल्या एका विमानाचा दांडा काढला आणि इकडे चढवला. आमच्यात याला उसनं घेणं म्हणतात. त्यात गैर काही नाही, फक्त दांड्याबरोबर कार्डही हलवायचं असतं. सलग दोन पाळ्या झाल्या होत्या. उद्या करू म्हटलं आणि घरी जाऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी वेगळंच काम निघालं. पुढे ते कुंपणाजवळचं विमान भंगारात गेलं आणि त्याची कार्डंही गेली. दांडा बदलता आला असता हो. पण एक कार्ड खोटं निघाल्यावर उरलेल्या एकोणीस हजारांवर कोण विश्वास ठेवणार?

मुख्य साहेबांनी दांडा दाखवायला म्हणून मला बोलावलं, तेव्हा बाई तिथेच उभ्या होत्या. साहेब त्यांना म्हणाले, "एक कार्ड लिहून टाका. जुन्या शाईत. कुणाला कळणार आहे?"

"दांडा किती वेळा टेकलाय, तो आकडा काय घालू?"

"घाला अंदाजे."

"त्या विमानात माणसं अंदाजे बसतात का, साहेब?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. मी जमिनीकडे बघत राहिलो.

दुपारी बाई हँगरमध्ये आल्या. त्या कधी यायच्या नाहीत, त्यामुळे सगळे हातातलं काम सोडून बघायला लागले. मला बाजूला घेऊन त्या हळूच म्हणाल्या, "चाकोबा, रोजच्या वहीत जुन्या दांड्याला तडा गेल्याची नोंद आहे, खाली तुमची सही. दांडा तुम्हीच बदललात ना?"

हो म्हटलं तर माझं लायसन जाणार होतं. नवा मालक माणसं घेणार होता, पण डागाळलेली नाही. घरी बायको, शिकणारी मुलगी. मी म्हणालो, "आठवत नाही बाई. अकरा वर्षं झाली."

त्यांनी चष्म्याची दोरा बांधलेली काडी कानामागे सारली. मग म्हणाल्या, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनिसांसमोर बाईंनी माझ्याकडे हात करून सांगितलं, "दांडा बदलल्याचं कार्ड यांनी भरून माझ्याकडे दिलं होतं. ते माझ्याकडून हरवलं." तपासनिसांनी माझ्याकडे बघून विचारलं, "बरोबर?" मी मान हलवली. खोटं कार्ड लिहायला जी बाई तयार झाली नाही ती माझ्यासाठी खोटं बोलली होती. आणि मला काय वाटलं म्हणाल, तर हायसं वाटलं. लाज नंतर वाटली, पुष्कळ नंतर.

आठ दिवसांनी गिऱ्हाइकाने नकाराचं पत्र पाठवलं आणि सरकारने कंपनीला टाळं लावायचं ठरवलं. पत्रात सात कारणं होती, कागदांचं सहावं. पण जुनाट विमानांवर, तेलाच्या वाढत्या भावावर राग काढून काय उपयोग? लोकांना माणूस लागतो. दोन दिवसांत सगळीकडे झालं की कार्डबाईंनी कार्ड हरवलं म्हणून कंपनी बुडाली. त्यांच्या दारावर कुणीतरी खडूने लिहिलं, 'हरवली आहे: अक्कल'. बाईंनी ते ओल्या फडक्याने पुसलं आणि कपाट उघडून कामाला लागल्या. मी ते जिन्यावरून पाहिलं आणि तसाच खाली उतरलो.

बाई धाकट्या बहिणीच्या घरी, खालच्या खोलीत राहायच्या. मेहुणा आमच्याकडेच सामान चढवायच्या कामावर होता. त्याचीही नोकरी गेली. पहिल्यांदा त्याने बोलणं टाकलं. मग बहीण ताट खाली आणून द्यायला लागली. मग बाई आपलं आपणच करून खायला लागल्या. एकाच घरात दोन चुली झाल्या, आणि त्या माझ्यामुळे झाल्या हे फक्त बाईंना आणि मला ठाऊक होतं.

माझं लायसन स्वच्छ राहिलं, त्याच्या जोरावर मला फिटर तयार करणाऱ्या एका शाळेत शिक्षकाची नोकरी मिळाली. कागदांचं महत्त्व शिकवायला तिथे एक गोष्ट सांगतात, एका कार्डाने बुडालेल्या कंपनीची. ती मीच सांगतो. तिथला प्रत्यक्ष हजर असलेला माणूस म्हणून माझाच मान.

पाच वर्षांनी बाई आजारी असल्याचं कळलं आणि मी गेलो. खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि खिडकीत औषधं. मला बघून त्या उठून बसल्या.

"या चाकोबा. तुमच्या शाळेत माझी गोष्ट सांगतात म्हणे?"

 मी म्हणालो, "मीच सांगतो."

"अस्सं." त्यांनी पांघरूण नीट केलं. "मुलं ऐकतात?"

"ऐकतात. बाई, तुम्ही तेव्हा तसं का सांगितलंत?"

"माझ्या नोकरीचे दोन महिने राहिले होते, तुमची बारा वर्षं. आणि तुम्ही घाबरला होतात. म्हटलं, आज वेळ मारून नेऊ, एक दिवस मिळाला की उद्या स्वतःच येऊन खरं सांगाल." त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मी वाट बघितली हो. गिऱ्हाइकाचं पत्र येईपर्यंत रोज."

मी त्यांच्यासमोर रडलो. त्यांनी मला पाणी दिलं. वर मेहुण्याच्या पावलांचा आवाज येत होता. वर जाऊन दोन वाक्यं बोलायची होती, जिना दहा-बारा पायऱ्यांचा होता. मी चप्पल घातली आणि रस्त्याला लागलो.

पंधरा दिवसांनी बाई गेल्या. मला तिसऱ्या दिवशी कळलं.

त्या सोमवारी नवी तुकडी आली होती. मी गोष्ट सांगितली, नेहमीसारखीच. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, त्या बाईंना मग काय शिक्षा झाली?"

"काही नाही," मी म्हणालो. "दोन महिन्यांनी रीतसर निवृत्त झाल्या."

मुलांनी ते वहीत लिहून घेतलं.