तळघरातली काडतुसं

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढे लग्न झालं, आणि नवरा गेल्यावर त्याच्या जागी मला दारूगोळ्याच्या कारखान्यात घेतलं. काडतुसं तपासून पेट्यांत भरायचं काम मी सत्तावीस वर्षं केलं. माझ्या हाताखालून गेलेली एकही पेटी कधी परत आली नाही. आता मुलीकडे जर्मनीत इंगोलश्टाटला असते. इथे पोळ्या सोडून मला कोणी काही विचारत नव्हतं.

जावई मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. त्यांना नेमबाजीचा नाद लागला. इथे गावोगावी नेमबाजांची मंडळं असतात, फेराइन म्हणतात. रीतसर परीक्षा देऊन, परवाना काढून त्यांनी पिस्तूल घेतलं. वर्षानुवर्षं एकाच जातीची पुरावीत म्हणून काडतुसांचा मोठा साठा एकदमच आणला. तो ठेवायला तळघरात लोखंडी कपाट भिंतीला बोल्टने पक्कं केलं. किल्ली फक्त त्यांच्याकडे. ती कुठे असते हे घरातल्यांनाही कळता कामा नये, असा इथला कायदा.

तीन वर्षांनी मंडळाच्या संघात त्यांचं नाव लागायची वेळ आली. आणि नेमकं त्याच आठवड्यात सरावाला दहापैकी तीन गोळ्या वाजल्याच नाहीत. मंडळाचे म्हातारे प्रमुख सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्याला स्वतःची काडतुसं सांभाळता येत नाहीत, त्याला संघात कसं घ्यायचं? महिन्याभराने पुन्हा बघू."

जावई घरी येऊन जेवले नाहीत. मुलगी म्हणाली, "अहो, द्या ती परत दुकानात. नवी आणा."

"नवीही तिथेच ठेवणार ना?" मी म्हणाले.

"आई, यातलं तुम्हाला..." जावई बोलता बोलता थांबले.

"यातलंच कळतं. बाकीचं नाही कळत."

खाली गेलो. त्यांनी कपाट उघडलं. मी दोन हात लांब उभी. परवाना त्यांचा, त्यामुळे मी कशाला बोट लावायचं नाही. त्यांनी एक काडतूस तळहातावर धरलं. बुडाला हिरवट झालं होतं, आणि वर चकाकी.

"याला काय चोळलंय?"

"तेल. दरवर्षी पुसून घेतो, खराब होऊ नये म्हणून." हे त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं.

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मशीनला आपण..."

"हे मशीन आहे का? बुडाशी ही टोपी दिसते ना, तिच्यात ठिणगीची दारू असते. तेल फटीतून झिरपतं आणि ती मरते. आमच्याकडे तेलकट हाताने आलेल्या बाईला सुपरवायझर दारातूनच परत धाडायचा."

समोर तळघरातच दोरीवर धुतलेल्या चादरी वाळत होत्या. मी विचारलं, "यांचं पाणी जातं कुठे?"

जावयांनी कपाटामागे हात घातला. बाहेरच्या अंगाची भिंत, हात ओला झाला.

जिन्यातून मुलगी हसली. "अहो, घरात इंजिनिअर नक्की कोण आहे?"

"गेनाऊ," जावई म्हणाले. म्हणजे अगदी बरोबर. पण ते हसले नाहीत.

पुढचे दोन शनिवार मी स्टुलावर बसून सांगत होते आणि जावई करत होते. तेल लागलेली सगळी वेगळी काढली, ती नष्ट करायला दुकानात गेली. सहा पेट्या कारखान्यातून आल्या तशा बंद होत्या, त्या ठेवल्या. कपाट वरच्या मजल्यावर, आतल्या कोरड्या भिंतीला लावलं. काडतुसं डब्यात ओतायची नाहीत, ज्या पेटीतली त्याच पेटीत, कारण खेपेचा नंबर पेटीवर असतो. जुनी पेटी पुढे, नवी मागे.

पेट्या वर आणल्या आणि जावई लगेच उघडायला निघाले.

"थांबा. एक दिवस बंद राहू द्या. गार पेटी उबदार खोलीत उघडली की काडतुसांवर दव धरतं."

"अख्खा दिवस?"

"अख्खा. करमत नसेल तर भाजी चिरा."

"आई, जावई आहेत ते!" मुलगी ओरडली.

"जावई जेवायच्या वेळी. आत्ता नवे कामगार."

त्यांनी खरंच भेंडी चिरली. जाड चिरली.

महिन्याभराने पुन्हा चाचणी होती. मीही गेले. काचेमागे बसले, कानांवर जाड झाकणं. चाळीस गोळ्या मारायच्या होत्या. मी मनात मोजत होते. म्हातारे प्रमुखही मोजत होते, त्यांचे ओठ हलताना दिसत होते. पंचविसाव्या गोळीनंतर मी बोटांवर मोजायला लागले, खोटं कशाला सांगू. त्या सहा पेट्यांतली काडतुसं तेल न लागलेली असली, तरी तीन वर्षं त्या ओलीत काढलेली होती.

संपल्यावर प्रमुखांनी जावयांना काहीतरी विचारलं. जावयांनी माझ्याकडे बोट केलं. तो उंच माणूस माझ्याकडे आला, हात पुढे केला आणि बराच वेळ बोलला.

"आई, मंडळाचं कोठार एकदा बघाल का, विचारतायत."

"बघेन म्हणावं. पण चुकलेलं असेल तर तोंडावर सांगेन."

जावयांनी भाषांतर केलं. म्हाताऱ्याने मान डोलावली, आणि तिथेच जावयांचं नाव संघाच्या यादीत लिहिलं.

नेमाचा कागद मी नंतर पाहिला. नेम बेताचाच होता. ते त्यांचं त्यांनी बघावं. चाळीसच्या चाळीस वाजल्या, ते माझं काम.