आकारामचं इंग्रजी

त्रेचाळीस साली कोरेगावजवळच्या आमच्या गावचा आकाराम मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाला. मास्तर म्हणाले, "मिळेल ते इंग्रजी वाच." गावात इंग्रजी यायचं ते फक्त पलटणीच्या तारांतून, आणि घरटी एक माणूस लढाईवर. आलेली तार लोक त्याच्याकडूनच वाचून घेत. मेल्याच्या बातम्या वाचून वाचून पोराचं इंग्रजी सुधारलं. असली शिकवणी वैऱ्याच्याही नशिबी येऊ नये! पुढल्या वर्षी तो चांगल्या मार्कांनी पास झाला. निकालाचा कागद दाखवायला तो धावतच चुलतीकडे, रंगुबाईकडे गेला. तिची दोन्ही पोरं पलटणीत होती. त्याच्या हातातला कागद बघून ती उंबऱ्यावर मटकन बसली.

"कोन गेला रं? थोरला का धाकला?"