बाटलेला गॅस

हसनाबादेत आमच्या गोबरगॅसला लोक काय म्हणायचे, ते मी इथे लिहीत नाही, तुम्हीच ओळखा. माझा गुन्हा एवढाच की, मी त्याला संडास जोडून घेतला होता. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. गावात दहा-बारा घरी गोबरगॅस होता, पण सगळा नुसत्या शेणावरचा. आमच्या गवंड्याने सांगितलं की संडासाचा पाइप त्याच टाकीत सोडला तर गॅस वाढतो, वेगळा खड्डाही लागत नाही. मी म्हटलं, सोड. पोटात मूल असताना अंधार पडायची वाट बघत बसणं काय असतं, ते मी भोगलं होतं. पुन्हा डबा घेऊन बांधावर जायचं नाही, हे माझं पक्कं होतं.

शेजारी राहणाऱ्या मोठ्या दिरांनी त्या दिवसापासून आमच्याकडचं पाणीसुद्धा सोडलं. आमचे हे मूग गिळून बसले. सख्खा भाऊ ना!

पुढे गावात गॅसची सोसायटी निघाली. घराघरातलं शेण एका मोठ्या टाकीत घालायचं, ज्यांच्याकडे आधीपासून टाक्या आहेत त्यांचा गॅसही त्यातच जोडून घ्यायचा, आणि पाइपाने साऱ्या गावाला आणि हॉटेलवाल्यांना पुरवायचा. बेत चांगला होता, मी आजही तसंच म्हणेन. पण चेअरमन झाले आमचे दीर. ते दारात उभं राहून म्हणाले, "बाई, तुमचा गॅस आमच्यात आला तर सगळ्या गावाच्या चुली बाटतील. उद्घाटन झालं की दुसऱ्या दिवशी गवंडी येईल, संडासाचा पाइप तोडून टाकील. मी धाकट्याशी बोललोय, त्याचं बिलकुल काही म्हणणं न्हाई."

ह्यांचं म्हणणं नव्हतंच. माझं कोणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी इतकी चिडले होते की भाकरी थापताना परात फुटते की काय असं वाटत होतं.

उद्घाटनाला जिल्ह्याचे मोठे साहेब येणार होते. त्यांची तारीख मिळाली म्हणून टाकी घाईघाईने आठ दिवस आधी भरलेली. पहिल्या भरणीला गॅस धरायला दोन-तीन आठवडे तरी लागतात, हे गोबरगॅस वापरणारी कुठलीही बाई सांगेल. पण बायकांना विचारतं कोण? मांडवात साहेब बसलेले, शेगडीवर भलं मोठं पातेलं, आणि काडीमागून काडी विझत चाललेली.

दीर मागच्या दाराने माझ्या स्वयंपाकघरात आले. घामाघूम. "बाई, जल्दी चहा टाका. तुमच्या गॅसवर. पण कुणाला बोलू नका."

"दादा, चालंल ना?" मी विचारलं.

"आता इज्जतीचा सवाल हाये."

मी चहा टाकला. आलं ठेचून घातलं, दूध सढळ हाताने ओतलं आणि किटली भरून दिली. मग डोक्यावर पदर घेऊन मीही मांडवात जाऊन बायकांत बसले. साहेब म्हणाले, "वा, सोसायटीच्या गॅसचा पहिला चहा!" आणि त्यांनी स्वतः एक कप दिरांच्या हातात दिला. चारचौघांत नको म्हणता येईना. दिरांनी डोळे मिटून प्यायला. टाळ्या झाल्या.

मी उठून उभी राहिले.

"साहेब, सोसायटीचा गॅस अजून आलाच न्हाई. ह्यो चहा माझ्या संडासाच्या गॅसवरचा हाये. चेअरमनसाहेबांनी स्वतः येऊन मागून नेला."

हे खाली बघत होते. बायकांत कोणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी कपाकडे पाहिलं आणि उरलेला चहा संपवला. मी दिरांकडे वळले.

"दादा, उद्या पाइप तोडायला खुशाल या. पण येणाऱ्यानं आधी हा चहा ओकून दाखवावा."

दुसऱ्या दिवशी गवंडी आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, तो दिरांच्या घरी. जाऊबाईंनी संडासाचं माप घ्यायला बोलावला होता.