तारेच्या आतलं गवत

पहाटे पावणेचारला नोएमी ओल्गिनचा दिवस सुरू व्हायचा. सव्वाचारला तिची पिकअप माझ्या दारात. हॉर्न एकदाच. तीन हंगामांत तिला किंवा मला एकदाही उशीर झाला नाही.

आमच्याकडे, न्यू मेक्सिकोच्या दक्षिणेला, दहानंतर उन्हानं लोखंडाला हात लावता येत नाही. काम त्याआधी उरकायचं. सरकारी चराईच्या रानात नकाशावरचे कुठले ठिपके तपासायचे, त्याची यादी ऑफिस देई. ठिपका गाठायचा, तीन दिशांना पंचवीस पंचवीस मीटरच्या फिती ताणायच्या, दर अर्ध्या मीटरवर सळई सरळ सोडायची आणि ती कशाला लागली ते मोठ्यानं सांगायचं. नोएमी सांगे. मी तेच पुन्हा म्हणून लिहून घेई. चालायचं फितीच्या डावीकडूनच. उजवीकडे पाऊल पडलं तर मोजायचं गवत आपणच तुडवलेलं असतं.

सळई सोडताना ती दूर डोंगराकडे बघे.

"खाली बघितलं की हात गवताकडे झुकतो, तिओ."

तिओ म्हणजे काका. नातं काही नव्हतं. तिचा बाप सेलेदोन, तिचा आपा, आणि मी, दोघांनी तीस वर्षं कुंपणं घातली होती. माझे गुडघे गेल्यावर तिनंच मला लिहिण्याच्या कामाला घेतलं.

सेलेदोनच्या चाळीस गाई त्याच सरकारी रानात त्याच्या आजोबांच्या परवान्यावर चरत. दुष्काळाचं चौथं वर्ष होतं. दोन विहिरींपैकी एकीचा पंप जळालेला, म्हणून सगळ्या गाई एकाच टाकीभोवती. नोएमी मजुरीतून सौर पंपासाठी पैसे बाजूला टाकत होती. दोन्हीकडे पाणी झालं की गाई पांगतील, जमिनीला श्वास घेता येईल, असं ती म्हणे.

मार्चमध्ये सेलेदोननं मला बोलावलं. "वासरांना वेगळं ठेवायचंय. एकरभर कुंपण घालू." त्यानं दाखवलेल्या जागी काळं ग्रामा गवत होतं, त्याच्या रानातलं सगळ्यांत चांगलं. आम्हा दोन म्हाताऱ्यांना चार दिवस लागले. एकही खांब ओळंब्याबाहेर नव्हता.

जूनमध्ये त्याच्या रानातला ठिपका आमच्या वाट्याला आला. नोएमी जागा दाखवणारं यंत्र हातात धरून चालत गेली आणि तारेपाशी थांबली. ठिपका आत होता.

"हे कुणी घातलं?"

"मी. तुझ्या आपानं सांगितलं, वासरांसाठी."

"वासरं कुठायत?"

आत शेणाचा पोही नव्हता. गवत घोट्याच्या वर गेलेलं.

ती तिथंच उकिडवी बसली. "नाताळात जेवताना मी आपांना ठिपक्यांचा नकाशा दाखवला, तिओ. दाखवायचा नसतो."

नवं कुंपण असलं की ठिपका बाद. यादीतला पुढचा घ्यायचा. पुढचा टाकीपासून दोनशे पावलांवर होता.

"पक्कड आहे गाडीत," मी म्हणालो. "तासाभरात तार उतरवतो."

"आणि खांब?"

"उपटतो. भोकं बुजवतो."

"तुम्ही कधी वाकडा खांब सरळ म्हणून दिलात का?"

मी गाडीत जाऊन बसलो.

टाकीजवळ दुसरी फीत चालू असताना सेलेदोन आला. कागदात गुंडाळलेले राजम्याचे बुरितो घेऊन.

"काय रे फिडेल, पेन्सिल झेपते का? का मी एक टोक धरू?"

"तू बुरितो धर. तेवढं जमतं तुला."

तो हसला. "मिहा, पोरी, तिकडचं झालं? गवत कसं वाटलं?"

"तिकडचं बाद झालं, आपा. कुंपणामुळे."

त्यानं फितीकडे बघितलं, टाकीकडे बघितलं. नोएमीनं सळई सोडली. "माती."

"माती," मी म्हणालो आणि लिहिलं.

शेवटी मातीचे खडे पाण्यात सोडायचे असतात. चांगल्या जमिनीचा खडा टिकतो. पाच सेकंदांत विरघळला तर एक नंबर, सगळ्यांत खालचा. सेलेदोन गुडघ्यांवर बसून डबीत बघत राहिला.

"एक," नोएमी म्हणाली.

"थांब की जरा. अजून बघ."

"विरघळला, आपा. एक."

नऊच्या नऊ खड्यांचं तेच झालं. तो उठायला लागला तेव्हा मी हात दिला. "तिकडचं बंद केलं ना," तो मला म्हणाला, "म्हणून सगळ्या इथंच उभ्या राहिल्या." बुरितो पिकअपच्या बॉनेटवर ठेवून तो गेला. आम्ही तिसरी फीत पूर्ण केली.

त्याच्या रानातले बाकीचे दोन ठिपकेही बरे नव्हते. ऑक्टोबरात ऑफिसचं पत्र आलं: परवान्यावर चाळीसच्या जागी अकरा गाई. अकरा गाईंवर घर चालत नाही. सेलेदोननं सगळ्याच विकायला काढल्या. नोएमीला तो एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. ती आली की तो उठून बाहेर जाई आणि रिकामी बादली घेऊन परत येई.

लिलावाला तीन आठवडे होते आणि गाईंच्या बरगड्या दिसत होत्या. नोएमीनं वैरणीच्या गासड्या विकत आणल्या, रोज संध्याकाळी स्वतः टाकल्या. मग त्यांना लिलावाला न्यायला ट्रक ठरवला. दोन फेऱ्या झाल्या. पंपाचे पैसे त्यात गेले.