जोह्याच्या मोराचे डोळे

मोराला डोळे होते.

हे वाचून तुम्हाला काही वाटणार नाही. मला मात्र घाम फुटला. कारण आठच दिवसांपूर्वी मी हाच चांदीचा मोर माझ्या टेबलावर ठेवून, भिंग लावून तपासला होता आणि स्वतःच्या हाताने लिहिलं होतं : ‘दोन्ही डोळ्यांचे खडे पडलेले. खाचा रिकाम्या.’ आता त्या खाचांतून तो माझ्याकडे रोखून बघत होता.

“कसा दिसतोय?” गजादादांनी विचारलं.

गजादादा म्हात्रे पेणजवळच्या जोह्याचे. जोह्यात घरोघरी गणपतीचे कारखाने, म्हणजे मूर्तिशाळा. गजादादांनी पन्नास वर्षं मूर्ती केल्या, पण सगळ्या दुसऱ्यांच्या कारखान्यात. त्यांची मुलगी रोहिणी आखणी करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. तीही दुसऱ्यांकडेच. आता रस्त्यालगतची एक शेड रिकामी झाली होती आणि रोहिणीला ती स्वतःच्या कारखान्यासाठी हवी होती. मालकाने सोमवारपर्यंत थांबायचा शब्द दिला होता. सोमवारी डिपॉझिट नाही मिळालं तर शेड दुसऱ्या पार्टीला. म्हणून मोर विकायला काढला होता. आणि आज रविवार.

माझं काम सांगते. मी जुन्या चांदीची पारख करते. मुंबईत एका लिलाव कंपनीच्या सिल्व्हर डिपार्टमेंटमध्ये सव्वीस वर्षं काढली. आता पेणला घरातच खालच्या खोलीत ऑफिस थाटलंय. लोक आजीची तबकं, गुलाबदाण्या, पानाचे डबे पिशवीत घालून आणतात. वस्तू किती जुनी, किती खरी, हे मी सांगते आणि तिच्यासाठी संग्राहक गाठून देते. माझ्या नवऱ्याच्या मते मी शिकलेली भंगारवाली आहे.

गजादादांचा मोर ही अत्तरदाणी होती. वीतभर उंच. पिसारा उचलला की पोटात अत्तराची वाटी. नक्षी आतून ठोकून उठवलेली, पिसांवरची रेघन् रेघ हाताची. गजादादांचे आजोबा पेणच्या एका मोठ्या घराण्याचा गणपती करायचे. ते घराणं मुंबईला गेलं तेव्हा जाताना हा मोर त्यांच्या हातात ठेवून गेलं. तेव्हापासून तो म्हात्र्यांच्या कपाटात, साडीत गुंडाळलेला.

अशी वस्तू आली की मी कंडिशन रिपोर्ट लिहिते. म्हणजे वस्तूचं प्रगतिपुस्तक, फक्त त्यात नापास विषय आधी लिहायचे. कुठे पोचा आहे, कुठे डाग देऊन सांधलंय, काय तुटलंय, काय हरवलंय. मग मालकाला तो मोठ्याने वाचून दाखवते. मागाहून ‘आम्हाला सांगितलं नव्हतं’ नको. गजादादांनाही वाचून दाखवला. डोळे नसल्यामुळे भाव थोडा कमी येईल, हेही सांगितलं.

आणि एक ताकीद दिली. घासू नका. जुन्या चांदीवर खाचाखोचांत जी काळपट झाक धरते, तिला संग्राहक जीव लावतात. आपली माणसं पाहुणे येणार म्हटलं की चिंच, रांगोळी, पीतांबरी जे हाताला लागेल ते घेऊन बसतात आणि शंभर वर्षांची झाक दहा मिनिटांत नळाखाली वाहून जाते. ते सगळं गजादादांनी मान डोलावत ऐकलं. मी मनात म्हटलं, हा माणूस स्वतः कारागीर, याला जास्त काय सांगायचं.

फोटो काढून मोर त्यांना परत दिला, कारण मौल्यवान वस्तू घरात ठेवलेल्या नवऱ्याला चालत नाहीत. फोटो आणि रिपोर्ट अत्तरदाण्या जमवणाऱ्या रोह्याच्या कर्णिकसाहेबांना पाठवले. त्यांनी फोनवर भाव कबूल केला आणि रविवारी अकराची वेळ दिली.

तर आता रविवारचे नऊ वाजले होते, आणि मी गजादादांच्या ओटीवर कपाळाला हात लावून बसले होते.

“गजादादा, हे काय केलंत?”

“तुमीच वाचून दाखवलात ना मॅडम? डोले नाय म्हनून भाव कमी. म्हटला, घरात आखनी करनारी पोर हाय, न आमच्या घरातना मोर आंधला जानार?”

“मी काही करू नका म्हणाले होते!”

“घासू नका म्हनलात. घासला नाय. फडकासुद्दा नाय लावला. डोल्यांचा कुठं काय बोल्लात?”

हे शंभर टक्के खरं होतं.

भिंग लावून बघितलं. खाचेत शाडूची तिळाएवढी गोळी, तिच्यावर पांढरा, मग काळा, कोपऱ्यात केसाएवढी लाल रेघ, वर वॉर्निश. काम इतकं सुबक की माझ्या तोंडून ‘वा’ निघणार होतं. ते गिळलं आणि पर्समधून कापूस काढला. स्पिरिट लावून पाच मिनिटांत निघालं असतं.

तेवढ्यात आतून रोहिणी आली. तिशीची, नखांत रंग बसलेला.

“पुसायचं नाय, मॅडम.”

“अगं, ही गणपतीची मूर्ती नाही. अत्तर ठेवायचं भांडं आहे.”

“डोले दिले ना? मग झालं.”

“सांग गो त्यांना नीट,” गजादादा म्हणाले, आणि मग स्वतःच सांगायला लागले. आखणी सगळ्यात शेवटी. सकाळी हात धुऊन, कुणाशी न बोलता. डोळ्यांशिवाय मूर्ती कारखान्याबाहेर जात नाही. आणि एकदा दिलेले डोळे पुसत नाहीत. डोळा बिघडला तर अख्खी मूर्ती परत पाण्यात भिजवून माती करायची, पण डोळे पुसून ती कुणाच्या हातात द्यायची नाही.

“मोराची परत माती होत नाही,” मी म्हणाले.

“मंग ऱ्हाऊंद्या डोले.”

मी रोहिणीकडे वळले. “तुझीच शेड अडकलीय त्याच्यात.”

“माहीत हाय.” तिने एकदा मोराकडे बघितलं. “तरी नाय.”

मला तिचा राग आला आणि कौतुकही वाटलं. राग जास्त.

आता माझ्यापुढे दोन वाटा होत्या. रस्त्यात कुठेतरी गाडी थांबवून, गजादादा चहा पीत असताना गुपचूप पुसून टाकायचं. किंवा कर्णिकसाहेबांना जे आहे ते सांगायचं. पहिली वाट मी रोह्याच्या रस्त्यावर कासू गाव येईपर्यंत मनात घोळवली, हे कबूल करते. गजादादा शेजारच्या सीटवर मोर मांडीवर घेऊन बसले होते. त्याचं तोंड त्यांनी खिडकीकडे केलं होतं, बाहेरचं दिसावं म्हणून. मग मला ते जमेना. रोह्यात शिरण्याआधी गाडी बाजूला घेतली आणि रिपोर्टवर पेनने एक ओळ वाढवली : ‘डोळे नव्याने भरून रंगवलेले. मूळचे नाहीत.’

कर्णिकसाहेब म्हणजे धाटावच्या एका केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलमधून रिटायर झालेले. तेव्हा तिथे सॅम्पल नापास करायचे, आता घरी वस्तू नापास करतात. त्यांच्या काचेच्या कपाटात बारा अत्तरदाण्या आहेत, नंबर लावलेल्या. कपाटाला कुलूप, आणि किल्ली साहेबांच्या जानव्याला.

त्यांनी पांढरे हातमोजे चढवले. मोर उचलला. त्यांची आणि मोराची नजरानजर झाली.

“हे काय?”

मी रिपोर्ट पुढे केला. त्यांनी नवीन ओळ दोनदा वाचली.

“बाई, फोटोत डोळे नव्हते.”

“नव्हते.”

“म्हणजे गेल्या आठ दिवसांत आले?”

“माझ्या पोरीनं काढले,” गजादादा अभिमानाने म्हणाले.

साहेबांनी मोर टेबलावर ठेवला, अगदी हळू. पेशंट हातचा गेला की डॉक्टर हातमोजे काढतो, तसे काढले. “मी अर्धा भाव देईन. आणि हे आज संध्याकाळीच साफ करून घेईन.”

“साफ म्हंजे?”

“पुसून.”

“मंग देत नाय,” गजादादा म्हणाले आणि साडी उलगडून मोर गुंडाळायला लागले.

त्या क्षणी मला रस्त्याकडेची ती रिकामी शेड दिसत होती आणि तिच्यात दुसऱ्याच कुणाचे गणपती. मी साहेबांना म्हटलं, पाऊण भाव द्या. गजादादांना म्हटलं, घरी एकदा फोन तरी करा. दोघेही ऐकायला तयार नव्हते. एकाला मूळ वस्तू हवी होती, दुसऱ्याला पूर्ण वस्तू द्यायची होती. मोर तोच.

तेवढ्यात शैलावहिनी पोहे घेऊन आल्या. साहेबांच्या बायको, शाळेतून हेडमास्तरीण म्हणून रिटायर झालेल्या. त्यांनी ताटल्या ठेवल्या आणि अर्धवट गुंडाळलेल्या मोराकडे बघून थांबल्या.

“अगंबाई! हा बघतोय माझ्याकडे.”

“बिघडवलाय तो,” साहेब म्हणाले.

“काय झालंय त्याला?”

“डोळे रंगवलेत. कलेक्शनमध्ये ठेवण्याच्या लायकीचा राहिला नाही.”

“म्हणजे कपाटात जाणार नाही?”

“मुळीच नाही.”

“वापरला तरी चालेल?”

साहेबांनी वळून कपाटाचं कुलूप बघितलं. माझ्या लक्षात आलं की या घरात हा विषय जुना आहे.

वहिनी माझ्याकडे वळल्या. “ताई, तीस वर्षं मी दर संक्रांतीला हळदीकुंकू करते. घरात बारा अत्तरदाण्या. आणि मी बायकांच्या हाताला अत्तर लावते ते काचेच्या बाटलीतून, कापसाच्या बोळ्याने. का, तर अत्तराने चांदीची झाक जाते!” मग गजादादांना म्हणाल्या, “डोळे कुणी काढले म्हणालात?”

“पोरीनं. रोहिनीनं. तिला कारखाना टाकायचाय. तिच्यासाठीच इकतोय.”

“भाव काय ठरला होता?”

गजादादांनी फोनवर कबूल झालेला भाव सांगितला.

“तेवढाच देते. माझ्या पेन्शनमधून. आणि डोळ्यांना कुणी हात लावणार नाही. हात लावायचा असेल तर त्याने आधी मला विचारायचं.” हे शेवटचं वाक्य गजादादांसाठी नव्हतं.

“शैला, अगं, तो अर्ध्या भावाचा आहे,” साहेब म्हणाले.

“तुमच्या कपाटासाठी. मला पूर्ण भावाचा आहे.”

सव्वीस वर्षं मी लिलाव बघितले. हातोडा इतक्या झटकन पडलेला एकदाही बघितला नाही. वहिनींनी तिथल्या तिथे मोबाइलवरून पैसे पाठवले. गजादादांनी मोर त्यांच्या हातात दिला, आणि दोन्ही हात रिकामे झाल्यावर एकदम रडू कोसळलं त्यांना. मीही रडले. साहेबांनी पोहे खाल्ले.

सोमवारी सकाळी रोहिणीने डिपॉझिट भरलं. शेड मिळाली. संक्रांतीनंतर वहिनींनी मला हळदीकुंकवाला बोलावलं. मोर मधोमध बसलेला, पिसारा उघडा, पोटात हिना. बायका येत होत्या, मनगट पुढे करत होत्या, आणि जवळजवळ प्रत्येक बाई आधी मोराच्या डोळ्यांत बघत होती. साहेब आतल्या खोलीच्या दारातून बघत होते, किल्ली चाचपत.

तेव्हापासून कर्णिकसाहेबांचा महिन्यातून एकदा तरी फोन येतो.

“बाई, जरा तिच्याकडे शब्द टाका ना. विकते का बघा.”

“पण साहेब, त्याचे डोळे मूळचे नाहीत.”

“ते राहू द्या हो.”

“झाकही आता गेली असेल.”

“माहीत आहे. विचारा तर खरं.”

मी विचारते. वहिनी नाही म्हणतात. साहेब आता फोनवर पूर्ण भावाच्याही वर गेलेत.

माझ्या कामाच्या पद्धतीत या प्रकरणाने एकच बदल झाला. कंडिशन रिपोर्ट मी अजूनही तितकाच काटेकोर लिहिते. फक्त वस्तूत काय कमी आहे, ते मालकाला वाचून दाखवण्याआधी मालक कुठल्या गावचा आहे, ते विचारून घेते. जोह्याचा निघाला, तर वाचणं संपल्यावर वस्तू विकली जाईपर्यंत परत देत नाही. नवऱ्याच्या नाकावर टिच्चून माझ्याच कपाटात ठेवते.