शाई उरलेलं नख

रविवारी आईची नखं कापत होतो. डाव्या तर्जनीच्या नखाच्या टोकाशी मतदानाची शाई पुसटशी उरली होती. टीव्हीवर चर्चा चालली होती, लोकसभेची निवडणूक पाचाऐवजी सात वर्षांनी घ्यावी का? मी लगेच म्हणालो, "घ्यावी की!" कामं लांबणीवर टाकण्यात माझा हात कोण धरणार? स्वयंपाकघरातला गळका नळ साक्षीला आहे.

"तुझं बरं आहे रे," आई म्हणाली. "पाच वर्षं म्हणजे मी काठी टेकत जाईन कशीबशी. सात केलीत, तर माझं मत देऊन झालं म्हणायचं."

सरकारला पाच वर्षं अपुरी पडतही असतील. मी बाकीची नखं कापली. ते एक तेवढं राहू दिलं.