मोर फिरवायची तीन वर्षं

बिदरहून औरादला जाणाऱ्या बसमध्ये बसा आणि कंडक्टरला त्या मोठ्या पार्कचं कागदावरचं लांबलचक इंग्रजी नाव सांगून बघा. तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. मग म्हणेल, "मोरबाग म्हणा की वो सरळ!" पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, राहायच्या खोल्या, लग्नाचे हॉल, सगळं आहे तिथं. पण लोकांनी नाव ठेवलं ते दारातल्या मोरावरून. हा मोर काही पिंजऱ्यातला नव्हे. कडू मेंदीची झुडपं तारेच्या सांगाड्यावर चढवून, कातरून कातरून घडवलेला, दोन पुरुष उंचीचा हिरवागार मोर, पिसारा फुलवून उभा. आणि त्या मोराला जपणारा माणूस म्हणजे भीमराज.

यंदाच्या जुलैअखेर भीमराज साठीचा होऊन घरी बसणार होता. कामाला लागून तीस वर्षं झाली. निरोपाच्या वेळी शाल मिळेल, नारळ मिळेल, हे त्याला ठाऊक होतं. त्याला त्यातलं काहीच नको होतं. आपण गेल्यावर मोर जागेवर राहावा, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं, आणि नेमकं तेच घडायची चिन्हं दिसत नव्हती.

भीमराज तसा माळ्याच्या घरचा नव्हे. औरादजवळच्या खेड्यातला, बौद्ध घरातला, बाप जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेला. पार्कचं बांधकाम सुरू झालं तेव्हा तो खड्डे खणायला रोजानं आला. पन्नास माणसं खड्डे खणत होती. सगळ्यांची माती एका ढिगात, आणि ह्या एकट्याचे दोन ढीग. वरची काळी माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. मुख्य माळी कल्लप्पा तिथून चालला होता, तो थांबला. कल्लप्पा म्हणजे बिदरशेजारच्या नौबादचा लिंगायत गडी, गळ्यात लिंग, डोक्याला पांढरा रुमाल, आणि जीभ अशी की मुकादमसुद्धा त्याला टरकून असायचा.

"दोन ढीग कामून रे?"

"वरची माती मुळाला लागती, अप्पा. खालची नुस्ती भर हाय."

"कुणी शिकिवलं?"

"आईनं. चुलीला माती आणताना."

"उद्यापासून खड्डे बंद. माझ्यासंगं यायचं," कल्लप्पा म्हणाला आणि पुढं गेला. झाली नेमणूक! ना अर्ज, ना मुलाखत.

दुसऱ्या दिवशी दुपारी भीमराज भाकरी घेऊन जरा लांब, पाण्याच्या टाकीआड जाऊन बसला. कुणी सांगितलं नव्हतं, पण लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. कल्लप्पा आपला डबा उचलून तिथंच येऊन टेकला. "मातीत हात घालताना जवळ बसतूस, आन् खाताना लांब जायलास व्हय? सरक तिकडं," म्हणाला आणि शेंगाची चटणी त्याच्या भाकरीवर ठेवली. त्या दिवसापासून कल्लप्पाची बायको गुरुबाई डब्यात दोघांपुरती चटणी घालायला लागली. भीमराज तिला अव्वा, म्हणजे आई, म्हणायला लागला, ते आजतागायत.

आता मोराची खरी गंमत ऐका. मोर लावला तेव्हा पार्कला दारच नव्हतं, चारी बाजूंनी नुसतं माळरान. कल्लप्पाला पार्कच्या मालकानं, शेठनं, सांगितलं, दारात मोर पाहिजे. कल्लप्पानं एका शब्दानं विचारलं नाही की दार कुठं येणार. आपल्याकडे घराचं तोंड, देव्हाऱ्याचं तोंड उगवतीकडे असतं, तसं त्यानं मोराचं तोंड उगवतीकडे केलं आणि मोकळा झाला. दोन वर्षांनी रस्त्याच्या सोयीनं दार झालं मावळतीला! पहिल्या दिवशी हैदराबादहून पाहुण्यांच्या गाड्या आल्या आणि मोरानं सगळ्यांचं स्वागत केलं ते पाठ करून. पोरं मोराच्या ढुंगणापाशी उभी राहून फोटो काढायला लागली. शेठ लालबुंद झाला.

"आठ दिवसांत फिरव त्याला."

"फिरवतो की," कल्लप्पा म्हणाला, "तीन वर्सं द्या."

शेठ आधी ओरडला, मग मोराभोवती एक चक्कर मारून हो म्हणाला. तसा माणूस होता तो. त्याला झाडातलं काही कळत नव्हतं, पण कळत नाही हे कळत होतं.

मोर फिरवायचा म्हणजे उपटून गोल वळवायचा नव्हे, तसं केलं तर मुळंच मरतात. पिसाऱ्याच्या मागच्या अंगाला एक जोमदार फुटवा राखायचा, त्याला तार दाखवायची, सुतळीनं हलकं बांधायचं, आणि तो मानेएवढा जाड होईपर्यंत वाट बघायची. मग जुनी मान थोडी थोडी उतरवायची. मधलं एक वर्ष तर मोराला तोंडच नव्हतं. येणारे जाणारे विचारत, "काय हो, मुंडकं कुठं गेलं?" कल्लप्पा गंभीरपणे सांगायचा, "मोर इचार करायलाय." तिसऱ्या वर्षी, दसऱ्याच्या आधी, मोरानं मावळतीकडे तोंड करून पाहुण्यांकडे पाहिलं. त्या दिवशी कल्लप्पानं कात्री भीमराजच्या हातात दिली. "चोच तू काढ," म्हणाला. भीमराजनं कात्री चालवली. चोच जरा वाकडी झाली ती झालीच, पण कल्लप्पानं ती कधी सरळ करू दिली नाही.

काय दिवस होते ते! चाळीस माळी. उजाडायच्या आत पाणी देऊन व्हायचं. आठ वाजता दार उघडायचं तेव्हा वाटेवर एक वाळलं पान दिसलं तर कल्लप्पा ते उचलून त्या वाटेच्या माळ्याच्या खिशात घालायचा, बोलायचा काही नाही. हिरवळीच्या कडा दोरी धरून कापायच्या. शेवंतीचे शेंडे खुडून खुडून दिवाळीला असा बहर आणायचा की बिदरच्या बायका झुल्याबिल्यात न बसता नुसत्या ताटव्यांभोवती फिरून घरी जायच्या. रुद्रम्मा नावाची बाई होती, ती खुरपं घेऊन हिरवळीवर सरकत जायची, तिच्या मागं गवताचं एक वेडं पातं शिल्लक राहायचं नाही. भीमराजला सुट्टीच्या दिवशीसुद्धा घरी करमायचं नाही. बायको, सुभद्राबाई, म्हणायची, "जा बाबा जा, तुझी सवत वाट बघायली आसंल." सवत नव्हे मोर, आणि तोही नर, हे तिला कोण सांगणार!

मग सहा वर्षांपूर्वी कल्लप्पा गेला. पुढच्याच वर्षी शेठनं पार्क विकला आणि नवी कंपनी आली. माळी चाळिसाचे पंधरा झाले, पंधराचे पाच, आणि ते पाचही ठेकेदाराचे. आज बागेत, उद्या जवळच्या कोळारच्या कारखान्यात. पाण्याला घसरगुंड्यांचा पहिला मान. झाडांना मिळायचं ते पोहायच्या तलावातलं, औषध मारलेलं, टाकून द्यायचं पाणी. पानांच्या कडा करपायला लागल्या. भीमराजनं दहादा सांगितलं, दहादा "बघू" ऐकलं. ताडाची दोन झाडं वाळली तर ठेकेदारानं त्यांना हिरवा ऑइलपेंट मारला! खोटं सांगत नाही, अजून उभी आहेत, जाऊन हात लावून बघा. ताटव्यांत कापडी फुलं आली, त्यावर धूळ बसली. गुटख्याच्या पुड्या जिथं शेवंती होती तिथं. आणि शेवटी मधली मोठी हिरवळ उकरून प्लास्टिकचं गवत अंथरलं. त्या दिवशी रुद्रम्मा नेहमीसारखी खुरपं घेऊन बसली. हात पुढं गेला आणि तसाच थांबला. काढायला काही नव्हतंच. तिनं खुरपं पदराला पुसलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. भीमराजला त्या दिवशी जेवण गेलं नाही, आणि संताप कुणावर काढावा तेही कळेना.

तरीही मोर उभा होता. भीमराज घरून येताना सायकलला दोन कॅन बांधून गावातल्या हापशाचं पाणी आणायचा आणि ते फक्त मोराला घालायचा. त्याला हसणारे हसले.

गेल्या गणपतीत बातमी आली की दार पुन्हा हलणार. मोठं पार्किंग दक्षिणेला झालंय, तर दारही तिकडंच. भीमराज कुणाला काही बोलला नाही. त्यानं मोराच्या दक्षिणेच्या अंगाला एक फुटवा राखला, त्याला तार दाखवली आणि सुतळीनं हलकं बांधलं. पाऊण वर्षात तो फुटवा हातभर झाला. अजून दोन वर्षं हवी होती, आणि भीमराजजवळ उरले होते दोन महिने.

जूनमध्ये मॅनेजर सुनीलकुमारनं त्याला बोलावलं. मॅनेजर बिदरचाच पोरगा, तिशीतला, वागायला वाईट नव्हे.

"मामा, नवं दार पुढच्या महिन्यात सुरू होयलंय. मोर फिरवायला किती दिवस लागतील?"

"अजून दोन वर्सं, सायेब. एक तर मी करून ठिवलंय."

"मामा, मी दिवस विचारायलोय."

"मी बी दिवसच सांगायलोय."

सुनीलकुमार हसला नाही. "माझ्या घरी फोटो आहे, मामा. मी चार वर्षांचा, मोरासमोर उभा राहून रडायलोय. तेव्हा त्याला तोंडच नव्हतं, मी घाबरलो होतो. अम्मानं फ्रेम करून लावलाय. पण वरून ठरलंय. फायबरचा मोर येतोय, रात्री दिवे लागणारा. तीन दिवसांत बसतो."

भीमराजनं हात जोडले. आयुष्यात त्यानं कुणापुढं कधी जोडले नव्हते. "मला पगार नको. निस्तं आयतवारी आत येऊ द्या. दोन वर्सं येतो, तोंड काढून देतो, मग परत येणार न्हाई."

"निवृत्त माणसाला आत काम करू देता येत नाही, मामा. नियम आहे." एवढं बोलून पोरगा खिडकीबाहेर बघत बसला. त्याच्याही हातात काही नव्हतं, आणि हे भीमराजला दिसत होतं, म्हणून त्याला शिवीही देता येईना.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जेसीबी आला. भीमराजनं अर्धा तास मागून घेतला. मोराभोवती एक फेरी मारली, वाकड्या चोचीवरून बोट फिरवलं, आणि दक्षिणेकडचा तो हातभर फुटवा तेवढा कापून ओल्या गोणपाटात गुंडाळला. मग बाजूला झाला. यंत्रानं तीस वर्षांचं काम चहा पिऊन व्हायच्या आत उपटलं. खोड मधोमध फाटलं तेव्हा आत जुनी तार दिसली. दोन माना होत्या लाकडात रुतलेल्या, एक उगवतीकडे वळलेली, एक मावळतीकडे. लाकूड आणि तार वेगळी करायची सोय नव्हती. भीमराज मोराचे तुकडे नेणारा ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत उभा राहिला आणि मग लहान पोरासारखा रडला. सुनीलकुमार तिथंच होता. त्यानं दिवे लागणाऱ्या मोरापुढं निरोपाचा फोटो काढायचा कार्यक्रम आपणहून रद्द केला.

निरोपाच्या दिवशी शाल घेऊन भीमराज घरी गेला नाही, नौबादला गेला. तिथं कल्लप्पाच्या दोन एकराच्या बांधावर त्याची समाधी आहे; त्यांच्यात माणसाला मातीतच ठेवतात. गुरुबाई अठ्ठ्याहत्तरची, पण शेतात येणं सुटलं नव्हतं. तिनं गोणपाट पाहिलं, शाल पाहिली, आणि काही न विचारता खुरपं आणून दिलं.

भीमराजनं खड्डा खणला. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. काडी लावली, काळी माती मुळाच्या जागी घातली, पाणी दिलं.

"मोर करनार व्हय?" गुरुबाईनं विचारलं.

"व्हय, अव्वा."

"मग तोंड उगवतीकडं कर बाबा. त्येनला तसंच लागायचं."

"न्हाई," भीमराज म्हणाला. "उगवतीकडं न्हाई, मावळतीकडं न्हाई. अप्पाकडं करतो. हितलं दार आता कुणी हलवनार न्हाई."

गुरुबाई समाधीच्या कट्ट्यावर टेकली.

"किती दिवस लागतील रे?"

"तीन वर्सं."

"बरं," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. "मग मला तवर ऱ्हावंच लागंल की. उद्या चटणी करून आणते, दोघांपुरती."